रंगाऱ्याचे दरपत्रक घेताना
घर रंगवण्याचे काम व्यावसायिक रंगाऱ्याकडे सोपवताना केवळ प्रति चौरस फूट दर विचारून थांबू नये. त्या दरात जुना रंग खरवडणे, भेगा भरणे, पुट्टी, घासकाम, प्रायमर आणि अंतिम रंगाचे किती हात धरले आहेत, हे दरपत्रकात स्पष्ट लिहून घ्यावे. दोन दरपत्रकांतील मोठा फरक बहुधा याच पूर्वतयारीत दडलेला असतो आणि स्वस्त दरात, माझ्या मते, सर्वांत आधी तीच गाळली जाते. दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ मोजमापातून वजा होणार का, हेही आधीच ठरवावे. भिंतीला ओल असल्यास गळतीचे कारण दूर होऊन भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंग लावू देऊ नये, कारण रंग कितीही महागडा असला तरी ओलीवर त्याचे पापुद्रे सुटतात. फार जुन्या घरातील रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू देऊ नये आणि तो काढताना लहान मुलांना घराबाहेर ठेवावे. रंगाचे डबे सीलबंद आणून आपल्यासमोर उघडले जावेत. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. शेवटचा हप्ता मात्र दिवसाच्या उजेडात भिंती बाजूने निरखून, राहिलेली दुरुस्ती झाल्यावरच द्यावा.