बोटीवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत? आधी ६० ओहम मोजा

प्लॉटरवर (नकाशा आणि सेन्सरचे आकडे दाखवणारा पडदा) पाण्याची खोली दिसते पण वारा दिसत नाही, किंवा सगळंच अधूनमधून गायब होतं. एनएमईए २००० जोडणीत (बोटीवरची उपकरणं एकाच मुख्य केबलवर जोडून माहिती देवाणघेवाण करण्याची पद्धत) असं झालं की लोक आधी सेन्सरला दोष देतात. त्याऐवजी मल्टिमीटर काढा.

१. जोडणीचा वीजपुरवठा बंद करा. चालू असताना मोजलेला रोध खोटा येतो.
२. मोकळ्या टी-कनेक्टरवर (मुख्य केबलला उपकरण जोडायचा टी आकाराचा जोड) पिन ४ आणि ५ मधला रोध मोजा. (आतल्या तारा पांढरी आणि निळी.) मोकळा टी नसेल तर एखादं उपकरण काढा.

सुमारे ६० ओहम आले तर टर्मिनेटर (मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना लावलेले १२० ओहमचे रोधक) ठीक. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही. दोन्ही जागेवर असतील तर मुख्य केबल मध्येच तुटली आहे. ४० म्हणजे कोणीतरी तिसरा लावून ठेवलाय, तो काढा. शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

६० येऊनही त्रास संपत नसेल तर पुरवठा चालू करून सगळ्यात लांबच्या टोकाला पिन २ आणि ३ मधला विद्युत दाब (व्होल्टेज) बघा. ९ व्होल्टच्या खाली उपकरणं दगा देतात.

जाड प्रोब पिनच्या भोकात कोंबू नका. भोक सैल झालं की नवाच बिघाड.