माल सांभाळायचा तर थप्पीपासून सुरुवात करा

गोदामात खोकं फुटलं की पहिला ठपका उचलणाऱ्यावर येतो. मी गोदाम सांभाळतो आणि माझं मत उलट आहे. माल हातातून निसटून फुटतो त्यापेक्षा जास्त तो चुकीच्या जागी, चुकीच्या थप्पीत ठेवल्यामुळे खराब होतो. त्यामुळे माणसांना ओरडण्याआधी माल कुठल्या वाटेने जातो ते बघा.

ही वाट बघायची म्हणजे खरोखर एका खोक्याच्या मागे चाला. गाडीतून उतरल्यापासून पुन्हा गाडीत चढेपर्यंत त्याला किती वेळा हात लागला ते लिहा. गाडीतून जमिनीवर, जमिनीवरून पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर), तिथून रॅकमध्ये, रॅकमधून पॅकिंगच्या टेबलावर, परत जमिनीवर, मग गाडीत. यातलं जमिनीवर ठेवणं दोन्ही वेळा टाळता येतं. माल उतरायच्या आधीच रिकामं पॅलेट गाडीच्या दाराशी आणून ठेवा. प्रत्येक उचल म्हणजे पडण्याची एक शक्यता आणि कुणाच्या तरी कमरेवर ताण, त्यामुळे कमी झालेली एक उचलसुद्धा मोलाची.

आता थप्पी. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याचा जोर त्याच्या उभ्या कडांत आणि चार कोपऱ्यांत असतो. मधला भाग वजन पेलत नाही, तो फुगतो. म्हणून कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. भिंतीच्या विटांसारखी सांधेमोड करून रचलेली थप्पी दिसायला भक्कम दिसते, सरकतही नाही. पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध बसतो आणि खोक्याची वजन पेलायची ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. माझी पद्धत अशी: खालचे थर सरळ एकावर एक, सांधेमोड फक्त सगळ्यात वरच्या थराला, आणि मग स्ट्रेच फिल्म, म्हणजे ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक. फिल्मचे पहिले वेढे पॅलेटचं लाकूड आणि खालचा थर एकत्र धरून घ्यायचे. नुसत्या खोक्यांभोवती फिल्म गुंडाळली तर वळणावर सगळी थप्पी पॅलेटवरून एकसंध घसरते.

खोकं पॅलेटच्या बाहेर इंचभरही लोंबू देऊ नका. जेवढी कड हवेत, तेवढा आधार गेला. तपासायला सोपं आहे: पॅलेटच्या कोपऱ्याशी खाली बसा आणि कडेची रेघ वरपर्यंत बघा, ती सरळ दिसली पाहिजे. मग सगळ्यात खालच्या खोक्याच्या बाजूवर तळवा ठेवा. पुठ्ठा बाहेर आलेला जाणवला तर वजन आतल्या मालावर उतरायला लागलंय, वरचा एक थर लगेच कमी करा. आज ताठ उभी असलेली थप्पी महिनोन्‌महिने तशीच राहत नाही. पुठ्ठा हळूहळू दबतो आणि दमट हवेत तर फार लवकर नरम पडतो. जास्त दिवस ठेवायच्या मालाचे थर म्हणूनच मी कमी ठेवतो. जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर दूर, हे तर कुठल्याही मालाला लागू.

छत्री (भिजवू नका), पेला (नाजूक माल), वर जाणारे बाण (ही बाजू वर) या खुणा खोक्याच्या बाजूंवर लावा. नुसत्या वर लावलेल्या खुणा दुसरं खोकं चढलं की झाकल्या जातात.

रॅकमध्ये रोज निघणारा माल दाराजवळ आणि कमर ते खांद्याच्या उंचीत, जड माल खाली. ‘आधी आला, आधी गेला’ हा नियम चांगला, पण मुदतीच्या मालाला तो पुरत नाही. उशिरा आलेल्या लॉटची मुदत आधी संपत असू शकते. अशा मालावर मुदतीची तारीख मोठ्या आकड्यात, वाटेवरून दिसेल अशा बाजूला लिहा.

फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या काट्यांवर पॅलेट उचलणारी गाडी, चालवणाऱ्यांना मी दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो. चालवताना काटे जमिनीपासून वीतभरच वर, आणि भरलेली फोर्कलिफ्ट उतारावर उलटी, म्हणजे माल चढाच्या बाजूला ठेवून, उतरवायची.

गाडी भरताना एक गैरसमज हमखास ऐकू येतो: ‘जड आहे, हलणार नाही.’ ब्रेक लागला की जड मालच जास्त जोराने पुढे रेटतो. युरोपात माल बांधायचा हिशोब असा धरतात, की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूला व मागे 0.5 पट जोर रोखला गेला पाहिजे. म्हणजे 1000 किलोच्या पॅलेटला पुढे 800 किलोचा आधार. घर्षण त्यातलं काही धरतं, म्हणून गाडीची तेलकट किंवा धुळीची फळी आधी झाडून-पुसून घ्या. उरलेल्यासाठी माल पुढच्या भिंतीला टेकवा, मधल्या फटी भरा आणि पट्टे आवळा. थोडं अंतर गेल्यावर पट्टे परत आवळावे लागतात, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि पट्टा सैल पडतो. वजन डाव्या-उजव्या बाजूला सारखं आणि लांबीत पसरलेलं असू द्या.

कंटेनर असेल तर भरण्याआधी आत उभे राहून दारं बाहेरून लावून घ्या. उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणीही येईल. ओलं लाकूड आत जाऊ देऊ नका. त्यातलं पाणी वाफ होऊन छताला लागतं आणि मालावर ठिबकतं.

माल पोचल्यावर दाराचं सील तोडायच्या आधी सीलचा नंबर जुळवा, फोटो काढा. दार एकच आणि हळू उघडा, उघडणारा दाराच्या आड राहील असं बघा. प्रवासात सरकलेला माल दाराला टेकून उभा असू शकतो.