आर्जिनीन कमी आलं म्हणून लगेच पेढे वाटू नका

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधल्या (सांधे सुजवणाऱ्या आजारातल्या) अमिनो आम्लांवर ज्यांनी नुकतंच काम सुरू केलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. युरिया सायकल तुम्हाला येते, स्नायूंची झीज आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा परिणामही वाचला असेल. मला बोलायचंय ते रक्ताच्या ट्यूबबद्दल. बडोद्यात माझी सगळी सुरुवात तिनंच खाल्ली.

आमच्या रुग्णांमध्ये आर्जिनीन हे अमिनो आम्ल कमी आणि त्यापासून होणारं ऑर्निथीन जास्त आलं. अगदी ठळक. या आजारात आर्जिनेज, म्हणजे आर्जिनीन तोडणारं विकर, वाढल्याचं आधीच छापून आलेलं, त्यामुळे सगळं जुळलं आणि कुणालाच शंका आली नाही. पण तांबड्या पेशींतही आर्जिनेज भरपूर असतं. पेशी फुटल्या की ते प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) उतरतं आणि आर्जिनीनचं ऑर्निथीन नि युरिया करत बसतं. ट्यूब जितकी जास्त वेळ बाहेर राहील, तितकं जास्त.

आता पेशी फुटतात कुणाच्या? मनगटं सुजलेल्या बांची (गुजराती आज्यांची) शीर सापडत नाही, दंडाला पट्टा बराच वेळ बांधून ठेवावा लागतो, सुई बारीक घेतात, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला जातो. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं, ही हॉस्टेलची पोरं. त्यांचं रक्त लॅबमध्येच काढलं आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये गेलं. रुग्णांच्या ट्यूबा मात्र ओपीडी संपेपर्यंत स्टँडमध्ये, मग स्कूटरवर, तेही मे महिन्यात. दिसलेला फरक आजाराचा की वाटेचा? पी-व्हॅल्यू (फरक योगायोगाचा असण्याचं माप) कितीही छोटी येवो, ती हे सांगत नाही. नमुने वाढवूनही भागत नाही, कारण प्रत्येक नवा रुग्ण त्याच वाटेनं येतो. चूक फक्त जास्त पक्की होते.

घाबरू नका, यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. ईडीटीए ट्यूब (रक्त गोठू न देणारी) थेट बर्फात, अर्ध्या तासात थंड सेंट्रिफ्यूज, सल्फोसॅलिसिलिक आम्लानं प्रथिनं काढून टाकायची, मग उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये. कंट्रोलचं रक्तही त्याच ओपीडीत, त्याच माणसानं काढायचं. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर बाद. डोळ्यांवर विसंबू नका, 414 नॅनोमीटरला हिमोग्लोबिनचं शोषण बघा. सीरम टाळा, कारण रक्त गोठताना प्लेटलेट्समधून टॉरीन बाहेर पडतं. ग्लुटामेट चढलेलं आणि ग्लुटामिन उतरलेलं दिसलं, तर आधी ट्यूबवर संशय घ्या, मग सायनोव्हियमवर (सांध्याच्या आतल्या अस्तरावर).

उपाशीपोटीचंही तेच. पाद्रा-डभोईहून पहाटे निघालेली माणसं गोळ्या रिकाम्या पोटी नकोत म्हणून फाफडा खाऊन येतात, आणि तुमचं ल्युसिन, व्हॅलिन ही अमिनो आम्लं वर जातात. ‘उपाशी आहात ना?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘सकाळी काय खाल्लं?’ असं विचारा. मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं औषध आठवड्यातून एकदाच घेतात, तेव्हा शेवटची गोळी कोणत्या वारी घेतली ते लिहून ठेवा, फॉलिक आम्लाचंही. होमोसिस्टीन मोजणार असाल तर हे लागेलच. तेही न वेगळ्या केलेल्या रक्तात तासागणिक वाढतं.

सिट्रुलीन या अमिनो आम्लाबद्दल एवढंच: अँटी-सीसीपी (या आजाराच्या तपासणीतलं प्रतिपिंड) ज्याला धरतं ते प्रथिनाच्या साखळीतलं, पीएडी विकरानं तिथल्या तिथे आर्जिनीनपासून केलेलं. प्लाझ्मातलं मोकळं सिट्रुलीन मुख्यतः आतड्यातून येतं, थोडं नायट्रिक ऑक्साइड तयार होताना. दोन्ही एकाच आलेखावर टाकाल तर तोंडी परीक्षेत सोलून निघाल.

संशोधनाच्या गाइडबद्दल माझं मत कडवट आहे. मोठं नाव बघून जाऊ नका. सेंट्रिफ्यूजजवळ शेवटचा कधी उभा राहिला होता ते विचारा. जुन्या टेक्निशियन काकांशी मात्र गट्टी करा. आमच्या काकांना सुई बघूनच कळायचं की हा नमुना फुटणार. आणि आकडे टाकले की रंगीत नकाशे काढून देणारी ऑनलाइन साधनं पहिल्या वर्षी उघडूच नका.

पहिला रुग्ण घेण्याआधी स्वतःचं रक्त द्या. ते चार ट्यूबांत वाटा: एक लगेच फिरवा, एक अर्ध्या तासानं, एक दोन तासांनी, एक चार तासांनी. शेवटच्या तीन बर्फाशिवाय, ओपीडीच्या टेबलावरच ठेवा. आर्जिनीन आणि ऑर्निथीनच्या चार-चार आकड्यांचा तक्ता करून गाइडपुढे ठेवा आणि बर्फाची पेटी तेव्हाच मागा.