काचेची गॅस शेगडी साफ कशी करायची: घासू नका, भिजवा

आमच्या घरी काचेची शेगडी आली अन पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ती चुलीतल्या राखेनं घासून काढली. म्हणे, "काहून वं, फडक्यानं पुसत बसली, राख घे ना अन घास." त्यांची तरी काय चूक, उभा जन्म पितळेचे गंज, म्हणजे पातेली, अन लोखंडी तवे राखेनंच चमकवले, अन खरं सांगायचं तर त्या दिवशी काच झाली पण भल्ली चकाचक. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं अन पाहतो तर अख्ख्या काचेवर गोल गोल रेघा. राखेत मातीवाळूचे बारीक कण असतात, वाळूचा कण काचेपेक्षा कडक असतो, तो काच ओरखडणारच. अन एकदा ओरखडा पडला की तो घरातल्या कोणत्याच पावडरीनं जात नाही, उलट त्यात तेल-हळद जाऊन बसते अन शेगडी कायमची कळकट दिसते.

त्या रेघा अजून आहेत, पण पुढच्या वाढल्या नाहीत. काय करतो ते सांगते.

सगळ्यात पहिले म्हणजे थांबायचं. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करा अन काच पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी. काच थंड लागली तरी बर्नर अन जाळी गरम राहते, हात जपून लावा. आमच्या गल्लीत एका काकूंचं वरण उतू गेलं, त्यांनी तापल्या काचेवर लगेच गार पाण्याचा ओला पोचा मारला अन काच फुटली, सगळ्या ओट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. नशीब डोळ्यात गेले नाहीत. ही काच कारखान्यात ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार केलेली असते, त्यामुळं तिचा वरचा थर आवळलेला अन आतला ताणलेला राहतो, म्हणून ती साध्या काचेपेक्षा मजबूत असते अन उष्णताही जास्त सोसते. पण ओरखडे पडलेले असले, नाहीतर कधी कडेला खलबत्त्याचा मार लागलेला असला, की तो आतला ताण एखाद्या दिवशी सुटतो अन अख्खी काच एकदम दाणे होऊन पडते. कड सगळ्यात नाजूक, हे लक्षात ठेवा.

काच गार झाली की जाळ्या, ट्रे अन बर्नर काढून घ्या. पितळी बर्नर असले तर कोमट पाण्यात चिंच कोळून त्यात पंधरा-वीस मिनिटं टाका, देवाची भांडी निघतात तसेच ते निघतात. छिद्रं बुजली असली तर सुई नाहीतर टाचणी हलक्या हातानं फिरवा, छिद्र मोठं नाही करायचं. मग स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. ओला बर्नर बसवला की गॅस फडफडते. जिथून बर्नर काढला तिथं खाली गॅसची नळी आहे, तिच्यात पाणी जाऊ देऊ नका, काचेवर तांब्यानं पाणी ओतायची सवय असली तर ती आजच सोडा.

आता काच. आधी कोरड्या मऊ फडक्यानं धूळ अन कण झटकून घ्या, हे कोणी करत नाही अन सगळे ओरखडे इथंच पडतात. आमच्याकडं उन्हाळ्यात वावधन सुटलं की ओट्यावर मातीचा थर असतो, त्याच्यावरच ओलं फडकं फिरवलं तर ते पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच झालं. फडकं जुन्या सुती लुगड्याचं घ्या, अन ते शेगडीचंच ठेवा, फरशी पुसायचं पोतेरं इकडं आणू नका. तारेची घासणी नको, ती हिरवी खरखरीत घासणी पण नको. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भिजवून मऊ केली तर चालते, कुंपणावर फुकट मिळते बाप्पा.

मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब टाकून फडकं भिजवा, थोडं पिळा अन सरळ डागावर पसरून ठेवा, पंधरा-वीस मिनिटं, तोवर दुसरी कामं करा. आमच्याकडं कापूस वेचायच्या दिवसांत सकाळी पाचला चून-भाकर करून बाया वावरात निघून जातात, मग बेसनाचे शिंतोडे दिवसभर वाळून संध्याकाळपर्यंत दगड होतात, ते नखानं खरवडायला गेलं तर नखच तुटते, पण भिजवले की आपोआप सुटतात. जे सुटणार नाही त्याच्यावर खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट लावा, परत दहा मिनिटं थांबा, अन जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूच उचला. सोडा मात्र खाण्याचाच, धुण्याचा नाही, धुण्याचा भल्ला तिखट असते, हाताची सालटं काढते अन शेगडीला अॅल्युमिनियमचा भाग असला तर तो काळा पाडते.

व्हिडिओत दाखवतात की सोडा टाकून वरून लिंबू पिळा, फसफस झाली की डाग गेला. फसफस पाहायला मजा येते, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात अन काम कोणाचंच होत नाही. तेलकटाला अन जळक्याला सोडा, तो पुसून काढला की मग पाण्याच्या पांढऱ्या डागांना लिंबू, असं वेगवेगळं करा.

अन पांढरे डाग तर आपल्याकडं ठरलेलेच. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात तर बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, पण बाकी ठिकाणीही बोअरच्या पाण्याला क्षार असतोच. त्या पाण्यानं काच पुसली अन तशीच वाळू दिली तर ढगाळ पांढरी पापुद्री जमते, मग लोक म्हणतात काच खराब निघाली. लिंबाची फोड फिरवा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा अन लगेच कोरडं फडकं मारा. कोरडं फडकं रोज मारलं तर लिंबाची गरजच पडत नाही. एक सांभाळा, लिंबाचं पाणी कडप्प्याच्या ओट्यावर ओघळू देऊ नका, तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे, लिंबानं त्याच्यावर फिका डाग पडतो अन तो मग निघत नाही. मी एका डागासाठी दुसरा करून बसली होती.

साखर-गुळाचा पाक सांडला तर? संक्रांतीला होतेच हे. तिळगुळाचा पाक गॅसच्या काचेवर सांडला तर गार होऊ द्या, मग कोमट पाण्याचं फडकं ठेवून विरघळवा, खरवडू नका. इंडक्शनवर मात्र उलटं, ती सिरॅमिक काच वेगळी असते, तिच्यावर पाक वाळून चिकटला तर निघताना काचेचा टवका घेऊन निघू शकते, म्हणून बटन बंद करून हात न भाजता, लाकडी उलथण्यानं पाक गरम असतानाच बाजूला ओढा. पोचा तिथंही नंतरच.

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक असला की सोळा भाज्या, आंबील, मोठमोठे गंज, ते या शेगडीवर चढवू नका, सरळ चूल पेटवा नाहीतर लोखंडी भट्टी आणा. भारी वजनाचा त्रास तर आहेच, पण रुंद बुडाचं भांडं जाळ खाली काचेवर दाबते अन तासन्‌तास काच तापत राहते. चुलीवरचा काळा गंज उचलून काचेवर ठेवायचा झाला तर आधी बूड पुसा. अन भांडं ओढायचं नाही, उचलायचं.

सगळं वाळलं की बर्नर आपल्या खाचेत नीट बसवा, वाकडा बसला तर जाळ बाजूनं निघते अन काचेलाच चाटते. पेटवून पाहा, जाळ निळा पाहिजे. पिवळा येत असला अन गंजाचं बूड काळं होत असलं तर छिद्रात अजून कचरा नाहीतर पाणी आहे, परत काढून वाळवा. साफसफाईत शेगडी सरकवलीच असेल तर गॅसची रबरी नळी पण पाहून घ्या, तिच्यावर तारीख छापलेली असते. जोडावर साबणाचा फेस लावा, काडी पेटवून पाहू नका. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटचं बटन दाबायचं नाही, अन अंगणात जाऊन गॅस गळतीच्या १९०६ या हेल्पलाइनला फोन लावा.