पोस्टग्रेस कसं बसवावं, आणि ‘ट्रस्ट’ का लिहू नये

रावेर-सावदा पट्ट्यातल्या कुठल्याही केळी ग्रुपच्या ऑफिसात जा, हिशेब एक्सेलमध्ये असतो. एक माणूस असेपर्यंत ते चालतं. दोन मुनीम झाले की फाइलच्या ‘नवी’, ‘नवी २’ आणि ‘फायनल’ अशा प्रती निघतात आणि शेतकऱ्याची रास कुणाच्या फाइलमधली खरी, यावर भांडण होतं. तिथे डेटाबेस सर्व्हर लागतो, म्हणजे सगळ्यांचा डेटा एकाच ठिकाणी सांभाळणारा प्रोग्राम. माझी निवड पोस्टग्रेएसक्यूएल, बोलताना पोस्टग्रेस. परवान्याचे पैसे नाहीत. काम १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली सुरू झालं, आजचं नाव १९९६ पासूनचं. मारियाडीबी हा दुसरा डेटाबेससुद्धा चांगला आहे, पण आकडे आणि तारखा यांबाबत पोस्टग्रेस सुरुवातीपासून कडक आहे आणि हिशेबाला तो कडकपणा हवाच.

बसवणं हा पाच मिनिटांचा भाग आहे. लोक अडकतात ते लॉगिनला, आणि तिथेच इंटरनेटवर सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग लॉगिनवर आहे. कमांड आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती आणि आकडे इंग्रजीतच टाका, लहान अक्षरांत.

बसवणं

उबुंटू २४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेला साधा पीसी पुरे. चार-पाच जणांच्या ऑफिसला ४ जीबी रॅम चालते, पण डिस्क एसएसडीच घ्या आणि मशीन इन्व्हर्टरवर ठेवा. मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पोस्टग्रेएसक्यूएल’. संपलं. या उबुंटूत १६ वी आवृत्ती येते.

विंडोजवर अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घ्या, विचारेल तो पासवर्ड वहीत लिहून ठेवा, शेवटी ‘स्टॅक बिल्डर’ येईल तो बंद करा.

उबुंटूवर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेएसक्यूएल’ दिलं की ‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ असं दिसतं. ते पाहून सर्व्हर बंद पडला असं समजून काढून पुन्हा बसवू नका. ती फक्त वरची सेवा आहे, खरा सर्व्हर तिच्या खाली वेगळा चालतो. खरी स्थिती ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ सांगते: पोर्ट ५४३२ आणि पुढे ‘ऑनलाइन’ दिसलं की झालं.

मराठी नीट बसते का, ते आत्ताच पाहा

ही तपासणी डेटा भरण्याआधीच करायची. ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ देऊन आत जा आणि लिहा: सिलेक्ट लेंग्थ('केळी'); इथे ‘केळी’ मात्र देवनागरीतच टाइप करा, आणि शेवटचा अर्धविराम (;) विसरू नका. तो नसला तर सर्व्हर काहीच न बोलता पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो.

उत्तर ४ आलं तर पुढे चला. १२ आलं तर थांबा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. सर्व्हर चिन्हांऐवजी बाइट मोजत असेल तर तो ‘एसक्यूएल_आस्की’मध्ये बसलाय, म्हणजे बसवताना मशीनची भाषा ठरलेलीच नव्हती. भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर हे घडू शकतं. अशा डेटाबेसमध्ये नावं साठवली जातील, दिसतीलही, आणि शोधताना नि कापताना घोळ होईल. सर्व्हर नवा आणि रिकामा असेल तर ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १६ मेन’ आणि मग ‘पीजी_क्रिएटक्लस्टर १६ मेन --लोकेल सी.यूटीएफ-८ --स्टार्ट’, दोन्ही सुडो लावून (इथे ‘सी.यूटीएफ’ कॅपिटल). पहिली कमांड आतलं सगळं पुसते. एक ओळ जरी डेटा भरला असेल तरी ती चालवू नका.

माणूस आणि डेटाबेस

‘सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटयूजर --पीडब्ल्यूप्रॉम्प्ट मुनीम’. पासवर्ड दोनदा विचारेल. टाइप करताना काही दिसत नाही, ते तसंच असतं. मग ‘सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटडीबी --ओनर मुनीम केळी’. मालक इथेच ठरवा. पंधराव्या आवृत्तीपासून ‘पब्लिक’ स्कीमामध्ये, म्हणजे टेबलं ठेवायच्या नेहमीच्या कप्प्यात, वाटेल त्याला टेबल बनवता येत नाही. मालकी दिली नाही तर पहिल्याच टेबलाला ‘परमिशन डिनाइड’ येईल आणि जुने लेख वाचून त्याचा उलगडा होणार नाही.

लॉगिन: इथे घाई करू नका

आता बहुतेक जण ‘पीएसक्यूएल -यू मुनीम केळी’ टाइप करतात, इथला ‘यू’ कॅपिटल. आणि समोर येतं: ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’. पासवर्ड विचारलाही नाही आणि नापास. मलाही शिकताना सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी लागला, आणि आजही ‘चालत नाही भो’ म्हणून फोन येतो तो बहुतेक याचसाठी.

हा संदेश शोधला की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ (कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी फाइल) उघडा, ‘पीअर’ खोडून ‘ट्रस्ट’ लिहा, रीस्टार्ट करा. लगेच चालतं, म्हणूनच तो सल्ला पसरलाय. ‘ट्रस्ट’चा अर्थ असा की जो कुणी स्वतःला ‘पोस्टग्रेस’ म्हणवेल त्याला पासवर्ड न विचारता सर्वाधिकारी म्हणून आत घ्यायचं. असा माणूस शेतकऱ्यांची खाती पुसू शकतो, शिवाय ‘कॉपी’ कमांडच्या ‘प्रोग्राम’ सोयीने त्या मशीनवर पोस्टग्रेसच्या खात्यातून हवा तो प्रोग्राम चालवू शकतो. त्यातच कुणी ०.०.०.०/० (म्हणजे कुठलाही पत्ता) ही ओळ घातली आणि राउटरवरून ५४३२ पोर्ट बाहेर उघडला, तर जगातला कुणीही आत येईल. ज्या ऑफिसात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत तिथे ‘ट्रस्ट’ लिहिणं मला मान्य नाही. ‘फक्त टेस्टिंगपुरतं’ हेही नाही. चालू झालेली गोष्ट परत कुणी उघडून पाहत नाही.

मुळात बिघडलेलं काहीच नाही. उबुंटूवर पोस्टग्रेसला दोन वाटांनी जोडता येतं. यजमानाचं (होस्ट), म्हणजे सर्व्हर असलेल्या संगणकाचं, नाव दिलं नाही तर मशीनच्या आतली वाट, म्हणजे सॉकेट, वापरली जाते. तिथे ‘पीअर’ पद्धत एवढंच पाहते की तुमचं उबुंटूचं नाव आणि डेटाबेसमधलं नाव एकच आहे का. तुम्ही उबुंटूत वेगळ्या नावाने आहात, म्हणून नकार. यजमानाचं नाव दिलं की वाट नेटवर्कची होते आणि तिथे पासवर्ड विचारला जातो. म्हणून योग्य कमांड अशी: ‘पीएसक्यूएल -एच लोकलहोस्ट -यू मुनीम -डी केळी’. इथे ‘एच’ आणि ‘डी’ लहान, ‘यू’ मात्र कॅपिटल. एकाही फाइलला हात न लावता तुम्ही आत आहात.

दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावरून जोडायचं असेल तेव्हाच ती ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ फाइल उघडा. ती कुठे आहे ते ‘शो एचबीए_फाइल;’ सांगतं. प्रत्येक ओळीत जोडणीचा प्रकार, डेटाबेस, माणूस, पत्ता आणि पद्धत असे रकाने असतात. बाजार समितीच्या फाटकावरचा रखवालदार यादी वरून खाली वाचतो, तसा सर्व्हर ही फाइल वाचतो: जी पहिली ओळ जुळली तीच लागू, तिथे नापास झालात तर खालच्या ओळीकडे तो बघतही नाही. फाइलच्या तळाशी अचूक ओळ लिहूनही ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांचं कारण बहुधा हेच असतं, वर दुसरी ओळ आधी जुळलेली असते.

ऑफिसच्या नेटवर्कसाठी ओळ अशी (फाइलमध्ये स्वल्पविराम नकोत, फक्त मोकळी जागा): होस्ट, केळी, मुनीम, १९२.१६८.१.०/२४, स्क्रॅम-एसएचए-२५६. तुमच्या राउटरचे पत्ते वेगळे असतील तर तसे लिहा. डेटाबेस आणि माणूस या रकान्यांत ‘ऑल’ लिहायचा मोह टाळा. जुने लेख ‘एमडी५’ लिहायला सांगतात. चौदाव्या आवृत्तीपासून पासवर्ड आपोआप स्क्रॅममध्ये साठतात, मग जुनी पद्धत लिहायचं कारण उरत नाही.

याच्या जोडीला ‘पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ’मध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ बदलावं लागतं. मुळात तिथे फक्त लोकलहोस्ट असतं. त्यात सर्व्हरचा ऑफिसमधला पत्ता जोडा, आणि तो पत्ता राउटरमध्ये कायमचा करून घ्या. एचबीए फाइल बदलली तर रीलोड पुरतं, लिसन बदललं तर रीस्टार्टच लागतो. रीलोड करून तासभर डोकं धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

तरी जोडलं जात नसेल तर अंदाजाने दहा ठिकाणी बदल करू नका. त्रुटीचा संदेश नेमका सांगतो कुठे अडलंय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर त्या पत्त्यावर सर्व्हर ऐकतच नाही: लिसन पाहा, सर्व्हर चालू आहे का पाहा. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग ‘टाइम्ड आउट’ येतं, तेव्हा फायरवॉल तपासा. ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री’ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, तुमच्यासाठी ओळ नाही. संदेशातच तुमचा पत्ता छापलेला असतो, तो ओळीशी ताडून पाहा. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं की ओळ बरोबर आहे, पासवर्ड चुकलाय किंवा त्या नावाला पासवर्डच दिलेला नाही, किंवा ते नावच नाही. सर्व्हर मुद्दाम फरक सांगत नाही, पण लॉगमध्ये खरं कारण असतं, कितव्या क्रमांकाची ओळ जुळली तेही. लॉग ‘व्हार/लॉग/पोस्टग्रेएसक्यूएल’ या फोल्डरमध्ये आहे. फाइलमध्ये लिहिण्यात चूक झाली असेल तर ‘पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ या व्ह्यूचा ‘एरर’ रकाना वाचा.

फायरवॉलमध्ये ५४३२ फक्त ऑफिसच्या पत्त्यांसाठी उघडा. राउटरमधून बाहेर कधीच नाही. मालकांना जळगावहून आकडे पाहायचे असतील तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट, लावा.

पहिलं टेबल

कटिंगचं टेबल करा: शेतकरी, गाव, तारीख, बागेचा प्रकार, वजन क्विंटलमध्ये, भाव. तारखेला ‘डेट’ प्रकार द्या, मजकूर नको. वजन आणि भाव ‘न्यूमेरिक’. पैशाला ‘फ्लोट’ द्या असं सांगणाऱ्याचं पुढचं काही ऐकू नका. त्या प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि सीझनअखेरीला पट्टी जुळत नाही. नवती, पिलबाग, कांदेबाग हे प्रकार वेगळ्या छोट्या टेबलात ठेवा आणि तिथून संदर्भ द्या, नाहीतर एक मुनीम ‘पिलबाग’ लिहील, दुसरा ‘पील बाग’, आणि दोघांची बेरीज वेगळी पडेल. रकान्यांची नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा.

गावांची यादी मराठी वर्णक्रमाने हवी असेल तर ऑर्डर बायच्या पुढे कोलेट "एमआर-आयएन-एक्स-आयसीयू" लावा (‘आयएन’ कॅपिटल, बाकी लहान). साध्या संगणकी क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्या मुळाक्षरांत तो ‘ह’च्या नंतर असतो.

लाइट गेली तर

मे महिन्यात लाइट जाणारच. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी नोंदवहीत, म्हणजे वॉलमध्ये, लिहितो आणि मगच ‘कमिट’ म्हणतो. परत चालू झाल्यावर ती नोंदवही वाचून तो स्वतः सावरतो. वेग वाढवण्यासाठी ‘एफसिंक’, म्हणजे नोंद खरोखर डिस्कवर पोचवण्याची सेटिंग, बंद करायला सांगणारे लेख सापडतील. तसं केलं तर हीच खात्री जाते. बंद करू नका.

बॅकअप

चालू सर्व्हरचं डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करणं हा बॅकअप नाही. त्यातून सर्व्हर पुन्हा उभा राहीलच असं नाही. ‘पीजी_डंप -एफसी’ वापरा (‘एफ’ कॅपिटल, ‘सी’ लहान), रोज संध्याकाळी क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीने. पीजी_डंप माणसं आणि त्यांचे पासवर्ड घेत नाही. त्यासाठी ‘पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली’ वेगळं चालवा. एक प्रत ऑफिसबाहेर, मालकांच्या घरी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये ‘पीजी_रीस्टोअर’ने उतरवा, शेवटच्या दिवसाच्या गाड्या मोजा, आणि आकडा कट्ट्यावरच्या वहीशी जुळतो का ते मुनीमाला स्वतः पाहू द्या.