परतीच्या पावसातली सुगी: शेंगा, सोयाबीन आणि भात वाळवून नीट कसे ठेवावे

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा कोल्हापूर भागात दगा देतो. हातकणंगले, शिरोळ, कागलकडे सोयाबीन कापणीला आलेले असते, करवीर-पन्हाळ्यात भुईमुगाच्या शेंगा उपटायच्या असतात आणि दुपारनंतर आभाळ भरून येते. राधानगरी, आजरा, गगनबावड्याचे भात थोडे मागून येते. त्याला पावसाइतकेच पहाटेचे दव नडते. या महिनाभरात माल किती ओला घरात गेला, त्यावर तो पुढच्या जूनपर्यंत टिकणार की नाही हे ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते. दुसरीकडे, काढणीनंतर दुकानापर्यंत पोचण्याआधीच जगातले सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते, असे अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये मांडले. भूक संपवायला नेमके कशाने हातभार लागतो, हे सेरेस २०३० या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०२० मध्ये शेकडो अभ्यास चाळून तपासले. दक्षिण आशियातले काढणीपश्चात नुकसान हा त्यातला एक भाग. त्यात असे दिसले की अभ्यास बहुतेक साठवणीच्या साधनांवर झाले. शेतकऱ्याला ते वापरायला शिकवणे, त्यासाठी पैसा उभा करणे याकडे फार थोड्यांनी पाहिले. हे अगदी पटण्यासारखे आहे. महागडी हवाबंद पिशवी आणून त्यात ओले धान्य भरले, तर पिशवीही गेली आणि धान्यही.

म्हणून आधी ओलावा. साठवताना भात १२ ते १३ टक्के, ज्वारी १२, सोयाबीन १० ते १२, तूर-मूग-उडीद ९ ते १०, टरफलासह शेंगा ८ ते ९ टक्क्यांवर आलेल्या हव्यात. ओलावामापक सोसायटीत किंवा व्यापाऱ्याकडे मिळाला तर उत्तम. नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या, तिसरा हिस्सा धान्य आणि त्यात तीन-चार चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही म्हणून लगेच पोती शिवू नका. ते १५ च्या खाली आले एवढेच कळते. त्यानंतर आणखी एक-दोन कडक उन्हे द्या.

वाळवल्यावर वजन घटते म्हणून बरेच जण हात आखडतात. हिशेब साधा आहे: १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले की ९३ किलो भरते. गेलेले सात किलो पाणीच होते.

वाळवण ताडपत्रीवर, दोन इंचांपेक्षा जाड थर न करता, तासाभराने पालटत. डांबरी रस्त्यावर नको. खडे, ऑइल आणि चाकाखाली फुटलेला दाणा तिथूनच येतो, आणि फुटक्या दाण्याला कीड आधी लागते. दिवस मावळण्याआधी गोळा करून झाका, नाहीतर दिवसभर गेलेला ओलावा रात्री दवाने परत येतो. भात मात्र एकदम रखरखीत उन्हात सुकवू नये. दाण्याला आतून चीर जाते आणि गिरणीत तुकडा पडतो. दुपारी थर थोडा जाड ठेवावा किंवा सावलीत ओढावा.

शेंगांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवे. उपटलेले वेल माती झटकून शेंगा वर येतील असे उलटे पसरा. पाऊस आला म्हणून ओल्या वेलांचा ढीग करून ताडपत्रीखाली दाबला की आत ऊब धरते आणि अ‍ॅस्परजिलस बुरशी चढते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिकाला पाण्याचा ताण बसला असेल तर तिची सुरुवात जमिनीतच झालेली असते. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते आणि भाजून किंवा शिजवून पुरते जात नाही. हिरवट-पिवळी बुरशी, फुटके टरफल, सुरकुतलेला किंवा कोंब आलेला दाणा वेगळा काढा. तो घाण्यालाही देऊ नका: तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत उतरतो, पेंड म्हशीच्या पोटात जाते आणि त्याचे रूप दुधात येते. दूध उकळूनही ते जात नाही. असा माल पुरून टाकावा. चांगल्या शेंगा फोडून न ठेवता टरफलासह, बारदानात, हवेशीर जागी ठेवाव्यात. हलवल्यावर दाणा खुळखुळला आणि चोळल्यावर साल सुटली की त्या वाळल्या.

भात, ज्वारी आणि कडधान्याला तीन थरांची हवाबंद पिशवी चांगली. आतली पिशवी भरून दाबत हवा काढा, तोंड पिळून दुमडा, घट्ट बांधा. मग दुसरी, मग बाहेरचे पोते. सोंडे किडे आणि भुंगे आतला ऑक्सिजन संपवतात आणि स्वतःच मरतात. पहिले दोन महिने पिशवी उघडू नका. सारखी उघडझाप केली की हवा आत जाते आणि राहिलेली कीड पुन्हा वाढते. रोजच्या खर्चाचे धान्य वेगळ्या डब्यात काढून ठेवावे. खाण्याच्या कडधान्याला किलोला ५ मिली शेंगतेल चोळले, म्हणजे ५० किलोला पाव लिटर, तरी भुंग्याची अंडी बरीच रोखली जातात.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही नकोत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. धुरी प्रशिक्षित माणसानेच, वस्तीपासून दूर द्यावी.

थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदराचे पिल्लू आत येते, तेव्हा दाराखालची फट आधी पत्र्याने बुजवा.

पुढच्या वर्षी घरचेच सोयाबीन पेरायचे असेल तर मळणी १३ ते १४ टक्के ओलाव्यावर, यंत्राच्या फेऱ्या मिनिटाला ४०० च्या आत ठेवून करा. याचे साल नाजूक असते, त्याला मार बसला की उगवण गेली. बियाण्याची पोती चार-पाचांपेक्षा उंच रचू नका आणि वरून आदळू नका. मे महिन्यात वेगवेगळ्या पोत्यांतले मिळून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० आले तर एकरी ३० किलो पुरे. ६० आले तर ३५ किलो धरा. त्याहून फारच खाली गेले तर ते बियाणे विकून टाका आणि पेरणीचे दुसरीकडून घ्या.