बातमीवरून नाट्यभाग लिहिताना

वर्तमानपत्रातील खऱ्या घटनेवर नाट्यभाग लिहू इच्छिणाऱ्या ठाण्यातील हौशी लेखकांनी आधी ‘द बिग स्टोरी’ या अमेरिकी मालिकेची बांधणी समजून घ्यावी. १९४७ मध्ये एनबीसी रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम १९४९ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. त्यात एखाद्या वार्ताहराने तडीस नेलेला शोध नाट्यरूपात मांडला जाई आणि त्या वार्ताहराला ५०० डॉलर बक्षीस मिळे. (खर्च मात्र सिगारेट कंपनी उचलत असे!) कथेचा नायक गुन्हेगार किंवा पोलीस नसून वार्ताहर असे, आणि माझ्या मते मालिकेचे खरे बळ तेच होते.

म्हणून बातमी निवडताना घटना किती सनसनाटी आहे हे न पाहता तिचा पाठपुरावा झाला आहे का, हे पाहावे. जुन्या अंकांची चौकशी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरू करावी.

बातमी निकाल पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाट्याची सुरुवात मात्र वार्ताहराच्या शंकेपासून व्हावी. समजा, वागळे इस्टेटमधील कारखान्यात चोरी झाली आणि रखवालदाराला अटक झाली. ‘रखवालदार निर्दोष’ हा मथळा बाजूला ठेवून हजेरीपटापासून आरंभ करावा: रात्रपाळीच्या रकान्यात त्याची सही आहे, पण शाई वेगळी आहे आणि त्याच्या नेहमीच्या सहीतील शेवटचा फाटा इथे नाही. ती सही कोणी केली, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा भाग सहज उभा राहतो. कबुलीजबाबाची लांबलचक भाषणे टाळावीत.

घटनेतील तथ्यांवर कोणाची मालकी नसते, पण वार्ताहराची वाक्ये उचलू नयेत. कल्पना आणि तिची मांडणी यांतील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केला आहे. ‘द बिग स्टोरी’मध्ये वार्ताहराखेरीज इतर पात्रांची नावे बदलत. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची, तसेच कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे नावाबरोबर शाळा, इमारत, नातेवाइकांचा व्यवसाय हेही बदलावे आणि तालमीपूर्वी संहिता वकिलाला दाखवावी.